नाव फार लांब आहे

सुनंदा,

तुझा फोल्डर सी ड्राइव्हमधून डी ड्राइव्हमध्ये हलवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, अहो, वरच्या खणातलं खालच्या खणात ठेवलंत, त्याचं एवढं काय सांगायचं. पण तू गेल्यापासून मी मनावर घेतलेलं हे एकच काम, आणि तेही पुरं झालं नाही. म्हणून तुलाच सांगतोय. दुसऱ्या कोणाला सांगायला गेलो की तो कॉम्प्युटरबद्दल बोलायला लागतो.

तेरावं झाल्यावर तुझ्या मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या. चहा नको म्हणाल्या, नुसतं पाणी घेतलं. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, संस्थेने शिक्षकांना दिलेलं ते ऑनलाइन खातं आहे ना, बाईंचं ते महिनाअखेर बंद होईल, काही घरगुती असेल त्यात तर काढून घ्या. ‘बंद’ हा शब्द त्यांनी इतका हळू उच्चारला की मला त्यांचीच दया आली. मी बरं म्हटलं. शाळेच्या खात्यात घरगुती काय असणार, असं म्हणत दार लावलं आणि कडी घालताना आठवलं. तुझा आवाज तिथे होता.

आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. मी घरभर शोधलं. तुझ्या फोनमध्ये कधी जागाच नसायची, म्हणून तू प्रत्येक रेकॉर्डिंग वर, त्या खात्यात चढवायचीस आणि फोनमधून लगेच पुसून टाकायचीस. आपल्या लेकीच्या, मृणालच्या लग्नाच्या व्हिडिओत तू आहेस, बरीच आहेस, पण त्या व्हिडिओवाल्या शहाण्याने त्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई लावून ठेवलीय. तू विहिणीशी बोलतेस, हसतेस, माझ्याकडे हात करून काहीतरी सांगतेस, आणि ऐकू येते सनई. ती बघून मी लॅपटॉप मिटला.

टाळेबंदीतले तुझे ते धडे. शाळा बंद, वर्गातली निम्मी मुलं गावाला, कोणी चांदीपला मामाकडे, कोणी आणखी आत. घरात एक फोन, तोही बाप कामावर घेऊन जाणार. व्हिडिओ पोचायचा नाही, म्हणून तू नुसता आवाज पाठवायचीस. आपल्या विरारच्या फ्लॅटच्या त्या एवढ्याशा बेडरूममध्ये आवाज घुमतो म्हणून कपाटाची दोन्ही दारं सताड उघडायचीस आणि साड्यांकडे तोंड करून बसायचीस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं, साड्यांना शिकवतेय. दार लोटलेलं असायचं आणि मी बाहेर हॉलमध्ये. मला दम कधीच धरवला नाही. दूध उतू जातंय, चष्मा कुठाय, खाली कुरिअरवाला आलाय, चहा टाकू का. मी हाक मारायचो आणि तुझा धडा वाया जायचा. मग तू बाहेर येऊन दाराशी उभी राहायचीस आणि काही न बोलता माझ्याकडे बघायचीस. ते बघणं मला अजून दिसतं. ऐकायला मात्र काही राहिलं नव्हतं, त्या खात्यात होतं तेवढंच.

मृणालला नागपूरला फोन लावला. ती म्हणाली, सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, म्हणजे वरचं खातं बंद झालं तरी आपल्याकडे राहील. आता लॅपटॉपवर जे दिसतंय ती नुसती नावं आहेत, आवाज सगळा वर आहे. पण सी ड्राइव्ह गच्च भरलेला. डी रिकामा. तेव्हा तो जो वरच्याशी जोडलेला फोल्डर आहे तो आधी डी मध्ये हलवायचा. मी म्हटलं, त्यात काय, उचलतो आणि तिकडे ठेवतो. ती जवळजवळ ओरडलीच. असा ओढायचा नाही म्हणे, ओढला तर वरच्याला वाटतं आपण तो टाकून दिला, आणि मग तेही टाकून देतं. आधी जोडणी तोडायची, मग हलवायचा, मग पुन्हा जोडून नवी जागा दाखवायची. तुझ्याशी असलेली ती जोडणी मी माझ्या बोटाने तोडायची. स्टोअरमध्ये उभा जन्म गेला, टनांनी माल इकडचा तिकडे केला, कधी दुसऱ्यांदा विचार करावा लागला नव्हता.

लॅपटॉप तू मराठीत करून ठेवलेला. आम्ही दोघं बापलेक तुला किती हसलो होतो त्यावरून. आता त्या पडद्यावर एक बटण आलं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘हलवा’.

हा शब्द मी तू गेलीस त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकला होता. दत्ता हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभा राहून तेच तेच म्हणत होता, भावजी, ताईला मुंबईला हलवू. गाडीवाल्याशी बोलून ठेवलं होतं त्याने. वाडीतलं काम टाकून आलेला, पायाला माती तशीच. डॉक्टर म्हणाले, हलवता येईल, धोका दोन्हीकडे आहे. म्हणजे काहीच म्हणाले नाहीत. मग दत्ता तुझ्याशी बोलला, तुमच्या घरच्या बोलीत. इतकी वर्षं त्या वाडीचा जावई असून मला ती तुम्ही भाऊबहीण भराभर बोलायला लागलात की कळत नाही. त्यातलं ‘मुंबई’ एवढं मला कळलं. तू त्याला काहीतरी म्हणालीस. आणि मग माझ्याकडे वळून तू आमच्या मराठीत सांगितलंस, “आज नको. उद्या बघू.”

तुझं हे नेहमीचंच. ब्लाउज शिवायला टाकायचा, उद्या बघू. पाइपलाइनच्या गॅसचा अर्ज, उद्या बघू. भांडण अर्ध्यावर आलं की तेही उद्या बघू. मला वाटलं, नेहमीचंच आहे म्हणजे बरी आहे. उद्या उजाडलं तेव्हा तुला तिथून हलवायचंच होतं, पण मुंबईला नाही.

मला तुझा राग येतो, सुनंदा. लोक येतात, म्हणतात, भाग्यवान गेली, कोणाला त्रास दिला नाही. मी मान हलवतो आणि आतून जळतो. त्रास दिला असतास तर काय झालं असतं? दत्ता म्हणतो, मी उचलूनच न्यायला हवं होतं, ऐकायलाच नको होतं तिचं. तू त्याला काय सांगितलंस ते मी विचारलं. तो म्हणाला, “काय नाय, तेच. उद्या.” आणि केळीचा घड ठेवून निघून गेला. आम्हाला एकमेकांसमोर बसवत नाही. तू भ्यायली होतीस का? की दमली होतीस? की खरंच तुला वाटत होतं की उद्या आहे? ह्यातलं काय ते एकदा तोंडाने सांगायला हवं होतंस. मी काही बोललो नसतो.

असो. बटण दाबलं.

खूप वेळ ती हिरवी पट्टी सरकत राहिली आणि मग एक भलीमोठी यादी आली. प्रत्येक फाइलीपुढे एकच वाक्य. नाव फार लांब आहे. नाव फार लांब आहे. नाव फार लांब आहे. तुझ्या स्वयंपाकघरातले डबे डोळ्यांसमोर आले. दुसऱ्या बायका चिठ्ठीवर ‘जिरं’ लिहितात. तुझी चिठ्ठी, ‘जिरं आईकडचं आधी हे संपवायचं’. मी चिडायचो. मी स्टोअरचा माणूस, माझं म्हणणं, कप्पे नीट करा, कप्प्यात कप्पा, मग नाव एका शब्दाचं पुरतं. तुझं म्हणणं, नावातच सगळं सांगून टाकलं की कप्पा लागतो कशाला. हा वाद आपला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही. डी ड्राइव्हवर तुला ठेवण्यासाठी मी काय केलं होतं, माहितीये? घर, त्यात सुनंदा, त्यात शाळा, त्यात टाळेबंदी, त्यात इयत्ता, त्यात विषय. एकात एक. मला वाटलं, शेवटी एकदा तुझं नीट लावून देतो.

मृणाल म्हणाली, फाइलीचा सगळा पत्ता मोजतात, कप्पेसुद्धा. मग म्हणाली, “बाबा, तुमचे कप्पे आणि आईची नावं एकत्र मावत नाहीयेत. दोघांतलं एक ठेवा.”

मी कप्पे काढले. सगळे. तुझा फोल्डर डी मध्ये अगदी दारातच ठेवला, उघड्यावर. जिंकलीस तू. हे मी तुला समोर कधी म्हटलं नसतं.

आणि मग तुझी ती नावं एकेक करून खाली उतरायला लागली. त्यांच्यापुढे हिरवी खूण यायची, म्हणजे आता ही इथली झाली. ती नावं मी पहिल्यांदा वाचत होतो. ‘चौथी परिसर अभ्यास झाडांचा धडा पहिल्यांदा वाया गेला कारण कुकर’. ‘तिसरी गणित वजाबाकी चांगलं झालंय पण शेवटी ह्यांची शिंक’. ‘चौथी मराठी कविता दुसऱ्यांदा कारण ह्यांना चष्मा सापडेना चष्मा डोक्यावर’. मला वाटलं होतं तू वाया गेलेले धडे पुसून टाकलेस. एकही पुसला नव्हतास. नावात मी ठिकठिकाणी होतो, ‘हे’ म्हणून. तू मला नावाने कधी हाक मारली नाहीस, अहो म्हणून मारलीस, आणि दुसऱ्यांना सांगताना हे. त्या दोन शब्दांत एक माणूस उभा जन्म राहिला, आणि आता त्याला ते म्हणणारं कोणी नाही. हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. थोडं वाईट अर्थानेही.

एक लावला. तू साड्यांना सांगत होतीस की ज्यांना पाणी म्हणता येतं त्यांनी पाणी म्हणा, ज्यांच्या घरी पानी म्हणतात त्यांनी पानी म्हणा, दोन्हीने तहान भागते. त्यावरूनही आपलं वाजलं होतं. मी म्हणत होतो, शाळेत शुद्ध शिकवायचं. तू म्हणालीस, पोरगं आधी बोलू तर दे. तुझा आवाज लॅपटॉपमधून थोडा पातळ येतो. पण तूच. श्वास घेतेस तोही ऐकू येतो. मी ते बंद केलं. पुढचं ऐकवेना. ठरवलं, आधी सगळं हाताशी येऊ दे, मग निवांत ऐकू.

सगळं आलं. एक सोडून.

ती तू फोनवरून थेट वर चढवलेली, तिथे लांब नावाला कोण अडवतंय. लॅपटॉप तिला आत घेईना. कप्पे काढले तरी नाही. यादीत ती एकटीच उरली, नाव फार लांब आहे. नाव असं होतं:

‘चौथी परिसर अभ्यास पाण्याचा धडा दुसऱ्यांदा हा मुलांना पाठवायचा नाही सगळं नीट झालं होतं पण अगदी शेवटी ह्यांनी बाहेरून हाक मारली आणि मी ओ दिली आणि हे आत आले आणि मग आम्ही कपाटासमोर बोलतच बसलो ते सगळं ह्यात आलंय किती दिवसांनी असे बोललो कोणीही हे पुसायचं नाही’

मी हे किती वेळा वाचलं कोणास ठाऊक. आपण काय बोललो होतो? मला आठवत नाही. मी डोकं खाजवतो, कपाटाच्या समोर जाऊन बसतो, साड्या बघतो. तुझी ती मोरपिशी इरकल पुढेच आहे. पण आठवत नाही. मी चहा मागायला आत आलो असणार. मग काय झालं? मृणालच्या लग्नाचं बोललो? तुझ्या आईचं? की नुसतंच, घरात अडकलेले दोन म्हातारे काहीबाही बोलतात तसं? तुला ते एवढं मोलाचं वाटलं की जगाला बजावून ठेवलंस, पुसायचं नाही, आणि मला ते झाल्याचंही आठवत नाही.

मृणाल म्हणाली, सोपं आहे, वेबसाइटवर जा, नाव बदला, नुसतं ‘पाणी’ लिहा, लगेच खाली येईल. मी गेलो. तिथेच लावून ऐकावं असं मनात आलं, पण म्हटलं, आधी हाताशी येऊ दे, मग निवांत. नाव निळं होऊन समोर आलं, शेवटी ती काडी लुकलुकत होती. आता ह्यातलं काढायचं काय? ‘चौथी’ काढलं. पुरेना. ‘परिसर अभ्यास’ काढलं. पुरेना. ‘आणि हे आत आले’ काढायला गेलो आणि बोट थांबलं. ते काढलं तर मी बाहेरच राहतो. ‘मी ओ दिली’ काढलं तर तू जातेस. ‘किती दिवसांनी’ काढावं तर तिथेच तर तुझी सगळी तक्रार आहे, आयुष्यभराची, जी तू तोंडाने केली नाहीस. काढलेले शब्द परत जिथल्या तिथे लिहिले. नाव जसंच्या तसं केलं. महिनाअखेरीला अजून अवकाश होता. मी स्वतःशीच म्हणालो, उद्या बघू. म्हणालो आणि दचकलो, कारण ते तुझ्याच सुरात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून बसलो. पडद्यावर पासवर्ड विचारला. दिला. लिहून आलं, हे खाते अस्तित्वात नाही.

मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी संस्थेच्या ऑफिसात विचारलं. निवृत्त झालेल्यांची नावं काढत होते, त्यांच्याबरोबर तुझंही काढून टाकलं, थोडं आधी. परत येत नाही म्हणाले. कोणी मुद्दाम केलं नाही. कोणाशी भांडू? मृणाल फोनवर रडली, आणि मग तिनेच मला समजावलं, बाकीचं सगळं तर आलं ना बाबा. हो, आलं. सगळं आलं. तिसरीची वजाबाकी आली, कुकरची शिट्टी आली, माझी शिंकसुद्धा आली. एवढंच आलं नाही जे तू एकदा सोन्यासारखं जपून ठेवलं होतंस. त्याचं नाव आहे माझ्याकडे, लॅपटॉपच्या पडद्याचा मी फोनने फोटो काढला होता. नाव पूर्ण आहे.

आता मला कशाचंच काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण ते सांगून काय उपयोग. सकाळी उठतो, दोन कप चहा टाकतो, एक ओतून देतो. माणिकपूरला तुझ्या शाळेवरून रिक्षा गेली तर दुसरीकडे बघतो. लोक म्हणतात, हळूहळू सवय होईल. ती व्हायला नको आहे, हे त्यांना कसं सांगू.

काल पाण्याचा तिसरा धडा लावला. ‘तिसऱ्यांदा नीट झाला पाठवला’, एवढंच नाव, तुझ्या मानाने फारच छोटं. मुलांना जो गेला तो हाच. म्हटलं, दुसऱ्यात जे होतं त्याचं काही तरी ह्यात सांडलं असेल. शेवटपर्यंत ऐकला. कुठे अडखळली नाहीस. कुकर नाही, शिंक नाही, मी नाही. विहीर, तळं, नदी, सगळं सांगून झालं, घरी जाऊन आजीला विचारा तिच्या लहानपणी पाणी कुठून आणायची, असं मुलांना म्हणालीस. मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं संपलं. आणि तू बंद करायच्या आधी दाराकडे तोंड केलं असणार, कारण आवाज जरा लांबून आला.

“झालं हो माझं. आता मारा हाक.”

एवढं बोलून बंद झालं. त्या दिवशी मी हाक मारली होती की नाही, तेही मला आठवत नाही.

मी लॅपटॉप बेडरूममध्ये नेला. कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि तो साड्यांसमोर ठेवला. तेवढा शेवटचा भाग पुन्हा लावला, दार लोटलं आणि हॉलमध्ये माझ्या खुर्चीत येऊन बसलो. आतून तुझं ऐकू आलं. ह्या वेळी मी दम धरला, तुझं बोलून पुरं होऊ दिलं. मग हाक मारली.